फुटीची वही

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात
अकरा वर्षं मी एकच वही लिहिली:
फुटीची.
नाव, अख्खे गर, तुकडे,
आणि शेवटी लाल शाईत कपात.

शेवंती कुबल, तुकडे तीनशे ग्रॅम.
रझिया मुजावर, तुकडे शंभर.
आकडे इतके नेटके की मालक म्हणायचे,
कारकून असावा तर पेडणेकरासारखा.
विहिरीचा गाळ काढताना मात्र
दरवर्षी काजूचे तुकडे निघायचे,
पांढरे, फुगलेले.
कुणी टाकले ते कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

मालकांच्या मागे त्यांची पुतणी आली, वैजयंती.
पहिल्याच शनिवारी माझ्या खिशातलं लाल पेन मागून घेतलं.
तुकडे मोजा, म्हणाली, पैसे कापू नका.
आणि चिकानं सोललेल्या बोटांना लावायला
खोबरेलाची बाटली, कारखान्याच्या खर्चानं.
आठवडाभर बायका त्या बाटलीकडे
नुसत्या बघत होत्या.

त्या महिन्यात फूट दुप्पट झाली.
मी वही घेऊन गेलो, खोटं कशाला बोलू, आनंदानंच:
बघा, ढिलाईचं फळ.
ती बराच वेळ पान बघत राहिली.
"वाढली नाही, पेडणेकर.
आत्ता दिसायला लागलीय."

नारळी पुनवेनंतरच्या एका दुपारी
शेवंती कटरपाशी बसलीच नाही.
हातात जुन्या हवाई चपलेची पट्टी, बोटभर.
ती पात्यामागे अडकवली, पायडल दाबलं.
कवच उघडलं, आणि आत गर
झोप न मोडता उचललेल्या पोरासारखा, अख्खा.
दहांतले नऊ तसेच.

"कधी सुचलं हे?"
"चार वर्सां झाली."
"मगे सांगलंस कित्याक नाय?"
तिनं माझ्याकडे नाही, वहीकडे पाहिलं.
"सांगणाऱ्याच्या नावाफुडे
तुमी काय लिवतलास?"

वही अजून मीच लिहितो.
गेल्या सोमवारी रझियानं वाफेच्या भांड्याला
ओला गोणपाट गुंडाळून पाहिला.
काही उपयोग झाला नाही.
तेही लिहिलं, तिच्या नावापुढे, निळ्या शाईत.
ती हसली, म्हणाली, उद्या कोरडा बघते.

शेवंतीच्या चार वर्षांच्या कपातीची बेरीज
मी एका रात्री केली,
कागद वैजयंतीबाईंच्या टेबलावर ठेवून आलो.
आकडा इथे सांगत नाही.
अक्षर माझं तेव्हाही
चांगलंच होतं.