कॅमेरा क्रमांक चौदा

जंगल ही सार्वजनिक जागा आहे का,
यावर आम्ही वर्गात तासभर भांडलो.
मोनालीने प्रमाणबद्धतेची कसोटी काढली,
सरांनी फळ्यावर तीन बाण.

शिबिर सिंदेवाहीच्या पुढे, समाजमंदिरात.
मी 'खासगीपणा' म्हटलं
अन् बायांनी एकमेकींकडे पाहिलं,
जणू बँकेतली नवी स्कीम.

पौर्णाबाई शेंडे बसल्या बसल्याच बोलली:
मोहाच्या वाटेवर सागाले बांधला आहे तो डबा.
वाघासाठी आहे म्हनते.
वाघ तं महिन्यातून एकदा येते,
आमी रोज जातो, अंधारात, लोटा घेऊन.
फोटो कोन पायते, पोरी?

मला कलम आठवत होतं.
वहीत तिचाच प्रश्न उतरला.

मग पदराने तोंड पुसून म्हणाली,
काढून टाका, असं नाही म्हनत मी.
माई जाऊ गेली
तवा डबा नोता.
दोन दिवस शोधत होतो.

पुढे कुणी काही विचारलं नाही.
पंखा तेवढा करकरत राहिला.

परतताना ती वाट दाखवायला आली.
सागाच्या बुंध्याला, कंबरेच्या उंचीवर,
हिरवट डबा, पांढऱ्या रंगात चौदा.
मोनाली पुढे निघून गेली.
मी थांबले,
ओढणी सारखी केली,
आणि मग त्याच्यासमोरून गेले.