गुणगुण तेवढी राहू दे

मनामाच्या जुन्या बाजारात, शिंपी आणि घड्याळजी यांच्या मधल्या बोळात
माझं दुकान. पाटीवर चार भाषांत: सर्व काही दुरुस्त.
मिक्सर, इस्त्र्या, हाजींचे रेडिओ,
आणि गुरुवारी संध्याकाळी धापा टाकत येणारा रोनेल,
आजारी बाप पाठुंगळी घ्यावा तसा
अ‍ॅम्प्लिफायर घेऊन.

जुफैरच्या हॉटेलात वाजवतो तो, तिसऱ्या मजल्यावर,
सुट्टीवरच्या खलाशांपुढे.
ते ओरडून मागतात आपल्या आजोबांच्या वयाची गाणी:
कुणाची बाई पहाटेच्या गाडीनं निघून गेली,
कुणाचा मुकादम हजेरी खातो,
कुणाच्या खाटेखाली भलत्याचेच बूट.
रोनेल इलोइलोचा. त्याच्या गावात आगगाडीच नाही.
पण गातो असा,
की अजून फलाटावर उभाच आहे.

"सोपं असतं, मिस्त्री," सोल्डरच्या धुरातून तो सांगतो,
"बारा मापं. तीन सूर, आलटून पालटून.
एक ओळ म्हणायची.
तीच ओळ परत म्हणायची.
तोवर तिसरी सापडते."

मी बारा गावचं पाणी प्यालेला.
म्हटलं, हे मला कशाला शिकवतोस?
शुक्रवारी दुपारी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात,
जिथं नेटवर्क लागतं त्या चार पायऱ्यांवर,
सगळे हेच तर म्हणतात:

पैसे पोचले का?
अगं, पैसे पोचले का?
नाही, इथं ऊन नाही फारसं.

दाढ दुखायची थांबली?
आवाज तुटतोय, दाढ थांबली का दुखायची?
बरं. मागच्या दाराला नवी कडी लाव.

चौदा वर्षं मी सगळं दोनदा विचारलं
आणि समजत राहिलो
लाइन खराब आहे.

एकदा त्यानं तार बोटानं वर ढकलली.
सूर सरळ जाईना, वाकला,
हुंदका गिळताना मान वाकते तसा.
हा पेटीत नाही, म्हणाला,
पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या फटीत राहतो.
मी म्हटलं, आमच्यासारखाच. व्हिसा आहे, घर नाही.
तो हसला नाही.
जरा जास्तच झालं माझं.

दारात बू राशिद, हातात टेबलफॅन.
मोडक्या हिंदीत विचारतात,
"ये आदमी कौन सी बोट पे था?"
त्यांचा आजा मोत्यांच्या होडीवर होता.
नाकाला चिमटा, पायाला दगड,
आणि नाखव्याच्या वहीत
(नाखव्याला तेही नोखदाच म्हणतात)
बापाकडून मुलाकडे पोहत जाणारं कर्ज.
रात्री एकजण गायचा,
बाकीचे घशाच्या तळातून नुसते घुमायचे.
बू राशिद घुमले.
काउंटरवरच्या बशीत स्क्रू थरथरले.
रोनेलनं त्याखाली तार छेडली,
पुन्हा छेडली.
तिसऱ्यांदा कुणालाच काही सुचलं नाही.

फॅन बिघडलाच नव्हता. वायर सैल होती.

अ‍ॅम्प झाला, पण आत एक गुणगुण उरली.
म्हटलं, अर्थिंग नाही नीट,
कुठंतरी जमिनीला टेकलेलं नाही हे.
काढून टाकतो, अर्ध्या तासाचं काम.
"नको," म्हणाला, "गुणगुण तेवढी राहू दे.
गप्प असताना सोबत होते."

थंडीत हॉटेलनं लॅपटॉपवाला पोरगा आणला.
रोनेलला तीस किलोचं सामान, एकतर्फी तिकीट.
गिटार गेली. अ‍ॅम्प माझ्याकडे,
आणि वहीत त्याच्या नावावर अकरा दिनार.

शटर अर्धं खाली ओढून कधी कधी मी तो लावतो.
काहीच जोडत नाही.
व्हॉल्व्ह सावकाश लाल होतात,
मग ती येते, बारीक, कुठंच न टेकलेली.

रोनेल, पोचलास का?
ऐकू येतंय का, रोनेल, पोचलास का?
अकरा दिनार राहू दे.