कशानं करू, बाबा?

खोक्यातून सगळं निघालं: थर्माकोल, पातळ पुस्तिका,
बिनतारी कीबोर्ड, बिनतारी माउस.
त्याच्या पोटात सेल मीच बसवला.
स्क्रीन म्हणाली, माउस सापडलाय. जोडू?
खाली चौकटीत 'होय'. त्यावर क्लिक करा.
कशानं करू, बाबा?
कुलपाची किल्ली कपाटात, आणि कुलूप त्याच कपाटाला.

बोटानं काच दाबूनही पाहिली.
कुणी बघत नव्हतं.

डिसेंबरचे चार वाजलेले, प्रेस्टनवर मिट्ट काळोख.
वरच्या मजल्यावरची डोरीन आली
बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन;
आत केनचा माउस, शेपटीसकट,
अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत.
पिन खोचली. उलटी. सुलटी. पुन्हा उलटी, आणि बसली.
पांढरा बाण थरथरला.
"तूच दाब," मी म्हटलं.
तिनं दाबलं.

मग नवा माउस पळायला लागला, पाठोपाठ कीबोर्ड,
आणि जुन्याचं काम संपलं.
डोरीन तार बोटांभोवती गुंडाळत राहिली,
सोडून परत गुंडाळली.

"लिही की काहीतरी."
मी मराठी लावलं, आणि का कोण जाणे,
पहिलं बोट ळ वर गेलं.
कोऱ्या पानावर एकटाच ळ.
"ह्याला काय म्हणायचं?"
सांगितलं. तिनं जीभ वळवून पाहिली: ल. ल.
तिसऱ्यांदा तिचं तिलाच हसू आलं.

मी चहा टाकला.
डबा अजून माझ्याच टेबलावर आहे.