चाल

सोरोकाच्या वाचनालयात वीज गेली
आणि बरंच झालं.
मायक्रोफोनच्या वायरी गुंडाळून कोपऱ्यात टाकत
व्हेलव्हल म्हणाला, आता ऐकू येईल.

ऐकायला माणसं अकरा,
त्यातला एक नुसता शेगडीसाठी आलेला.
वाजवायला आम्ही चौघं :
झिस्लचं व्हायोलिन, कोस्ताकेची क्लॅरिनेट,
व्हेलव्हलच्या मांडीवर त्सिम्बल,
म्हणजे तारांनी भरलेलं लाकडी ताट
आणि ते वाजवायला चमच्याएवढ्या दोन काठ्या.
आणि माझ्यापेक्षा उंच बासच्या मागे मी,
ज्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही.

कोस्ताके ज्यू नाही. टेकडीवरच्या रोमा वस्तीतला.
त्याच्या आज्यानं या चाली गावातल्या लग्नांत
ज्यूंच्या मांडीला मांडी लावून वाजवलेल्या,
आणि ते उरले नाहीत तेव्हा
एकट्यानं, घरी, दार लावून.
गावाला गेलेल्या शेजाऱ्याची किल्ली
सांभाळावी तशा.

पहिल्या तीन चाली बऱ्या गेल्या.
झिस्लचं व्हायोलिन मध्येच कण्हतं,
सूर संपता संपता घशात अडकल्यासारखा.
ती म्हणते, हे शिकवता येत नाही,
आणि दर मंगळवारी सहा मुलांना शिकवते.

चौथी आम्ही जोरात घेतली.
टाळ्या हव्या होत्या, खरं सांगतो.
कोस्ताकेची बोटं उंदरांसारखी पळाली,
शेगडीवाल्यानं पाय आपटून ठेका धरला,
आणि खिडकीजवळून एट्ल रोइटमननं,
नव्वदीला टेकलेल्या, हातमोजेही न काढलेल्या,
हात वर केला.
शाळेत करतात तसा.

थांबा, म्हणाली. पळताय कुठे?
ही नाचायची नाही.
ही विहिणीला घरी पोचवायची.
रात्रभर लग्न झालेलं असतं, उजाडायला आलेलं असतं,
गल्लीत चिखल, नवे बूट चावलेले,
मुलगी देऊन बाई रिकामी झालेली
आणि माशात मीठ कमी होतं
हे तिला अजून कुणाला तरी सांगायचं असतं.
तिच्या पायांनी वाजवायचं.
आमच्या गल्लीतले क्लेझ्मर
तिच्या पायांकडेच बघत चालायचे.
ती डबकं ओलांडायची
तेव्हा व्हायोलिनवाला तेवढा वेळ
सूर वर उचलून धरायचा.

तुम्ही पाहिलंय? झिस्लनं विचारलं.
पाच वर्षांची होते. कुणाच्या तरी खांद्यावर.
पुढचं विचारू नकोस.

मग ती उठली. कोट अंगावरच होता.
दाराकडे निघाली.
एक पाऊल. मग विचार. मग दुसरं.

व्हेलव्हलनं त्सिम्बलचा पट्टा गळ्यात अडकवला.
व्हायोलिन निघालं, क्लॅरिनेट निघाली,
निम्मा वेग, मग त्याच्याही निम्मा,
मागून बाकीची दहा माणसं,
शेगडी सोडून तोसुद्धा.

बास गळ्यात अडकत नाही.
मी राहिलो.
खुर्च्या, विसरलेली एक लोकरी टोपी,
पुस्तकांची कपाटं,
उघड्या दारातून आत येणारी थंडी.
माझ्या वाट्याला या चालीत सूर दोनच,
एक खालचा आणि एक त्याच्याही खालचा.
तेच वाजवत राहिलो.

चाल गल्लीतून नदीकडे उतरत गेली,
बेकरीपाशी वळली असावी,
कारण भिंतीआड गेल्यासारखी बारीक झाली.
कुठल्या घरी पोचवायचं
हे तिनं सांगितलंच नव्हतं,
आम्हीही विचारलं नव्हतं.

एकदा क्लॅरिनेट लांबली,
हवेतच टांगून राहिली.
डबकं असेल.
मीही बोट तारेवरून उचलून धरलं,
अंधारात, रिकाम्या खुर्च्यांसमोर,
किती वेळ कोण जाणे.

मग खूप लांबून झिस्लचं ते कण्हणं आलं,
की नदीकाठचं कुत्रं होतं ते,
आणि मी खालचा सूर टाकला
अंदाजानं.