वीस लिटर

एव्हारिस्तोने पाण्याचा कॅन मागच्या सीटवर ठेवला,
खडखडू नये म्हणून पट्टा लावला.
पट्टा सैल करावा लागला नाही.
दोघांनीही ते पाहिलं,
आणि मी थर्मासचं झाकण उगाच घट्ट करत बसले.

सार्मिएन्तो मागे पडलं की रस्त्याला काही सुचत नाही.
काटेरी झुडपं, तारेचं कुंपण, पुन्हा झुडपं.
वारा गाडीला खांद्याने रेटत राहतो
रांगेत मागे उभ्या माणसासारखा.
मी माते भरून देते, तो एका हाताने चालवत पितो,
भांडं परत येतं, मी पिते, पुन्हा भरते.
तिसरी पाळी तिची असायची :
साखर घातलेलं कोमट दूध, त्याच नळीतून.
"कडू आहे," म्हणायची, दूध असूनही,
मोठ्यांसारखं तोंड करून.

कुंपणापलीकडे ग्वानाको उभे आहेत.
एक, दोन, तो पुटपुटतो.
ऐकलं नाही असं मी दाखवते.
आयलेनला अकरापर्यंतच यायचं.
अकरानंतर थेट वीस,
आणि वीस झाले की ती जिंकली.
किती समजावलं, अगं, मध्ये आणखी आहेत.
"ते गेले," म्हणायची, खिडकीच्या काचेला नाक लावून.

ते गेले.

कोमोदोरोच्या दवाखान्यात तिच्या उशाशी कागद चिकटवला होता :
तोंडाने काहीही देऊ नये.
ऑपरेशन सकाळी होतं. मग दुपारी. मग उद्या.
ती पाणी मागत होती.
हट्टाने नाही, शहाण्या मुलीसारखी,
"थोडंसं. झाकणभर."
मी कापूस भिजवून ओठांवरून फिरवला.
तिने तो चोखला, तेव्हा तोही काढून घेतला,
कारण नर्सने बजावलं होतं
आणि मी जन्मभर सांगितलेलं ऐकत आलेली बाई.

डॉक्टर नंतर म्हणाले, पाणी दिलं असतं तरी फरक पडला नसता.
हे वाक्य मी उलटसुलट करून पाहिलं आहे.
कुठूनही धरलं तरी हातातच राहतं.

मग वळणावर ती घुमटी.
भोवती शेकडो बाटल्या,
उन्हाने पिवळ्या पडलेल्या, काही अजून भरलेल्या.
इकडचे लोक सांगतात :
एक बाई तान्हं घेऊन वाळवंटात निघाली,
तहानेने मेली,
पण पान्हा आटला नाही.
गुराख्यांना मूल जिवंत सापडलं, तिच्या थंड छातीशी.
म्हणून तिला पाणी वाहायचं.
ट्रकवाले वाहतात, नवस फेडणारे वाहतात.

बाई, मी नवस बोलायला आले नाही.
तू मेलीस आणि पाजलंस.
मी जिवंत होते, नळ चार पावलांवर होता.
तू मला ओळख दाखवली नाहीस तरी चालेल.
रोज रात्री मी एक पेला भरून ठेवते,
सकाळी खिडकीतल्या कुंडीत ओतते.
झाड कुजलं.
आता हे पाणी कुठे न्यायचं ते कळेना,
एवढंच.

एव्हारिस्तोने कॅन उचलून आणला.
ओतताना वाऱ्याने धार तिरकी केली,
निम्मं पाणी त्याच्या पँटवर.
तो हसला.
खरंच हसला, दोन वर्षांत पहिल्यांदा,
आणि लगेच माझ्याकडे पाहिलं,
खिशात काही चोरून घातल्यासारखं.
मी तळाशी उरलेलं झाकणात घेतलं
आणि प्यायले.
कोमट होतं. प्लॅस्टिकचा वास.

परत गाडीत. कॅन रिकामा आहे,
पट्टा लावायचा राहून गेला.
डांबर संपून खडी लागली तसा
तो सीटवर उड्या मारतो, घसरतो,
दारावर धडकतो, परत येतो.
"थांबू का?" एव्हारिस्तो विचारतो. "बांधून टाकतो."

उजव्या हाताला कळप. नऊ, दहा, अकरा.
पुढे अजून बरेच आहेत.

नको, मी म्हणते.
वाजू दे.