मंगळवारची मेथी

आई दर मंगळवारी कळव्याला जायची.
कुठे विचारलं की म्हणायची, बाजारात.
आणि खोटं ठरू नये म्हणून
येताना मेथीची एक जुडी आणायचीच.
आठ वर्षं आम्ही मेथी खाल्ली.

बाबांना हॉस्पिटलात ठेवलं त्या आठवड्यात
वॉर्डबॉय मला म्हणाला,
तुम्ही नखवाल्या मावशींचे का?

नखवाल्या.
पुरुषांचा जनरल वॉर्ड, खाट न मिळालेले जमिनीवर,
ज्यांच्या कागदावर नावाच्या जागी
अनोळखी, वय अंदाजे साठ,
त्यांची नखं.
पायाची, शिंगासारखी वळलेली,
आधी कोमट पाण्यात भिजवून.
खाली रविवारचं चर्चचं पत्रक पसरलेलं:
गीत क्रमांक, दानाचा हिशेब, आजाऱ्यांसाठी प्रार्थना.
शेवटी त्याचीच पुडी, बादलीत.

सुगीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी
आभारांची यादी वाचली. मंडप, माईक, लाडू,
दोन पंख्यांसाठी श्री. वैरागर.
आई पर्समध्ये चष्मा शोधत होती.

घरी येऊन मी चिडलो, निदान मला तरी सांगायचंस.
म्हणाली, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, वाचलंयस ना?
मग जरा थांबून,
पण या कामात बोट डाव्यानंच धरावं लागतं रे.
त्याला कळतंच.
तेवढं एक चुकतं माझं.

आणि माझा हात ओढून खिडकीपाशी नेला,
उलटासुलटा करून पाहिला.
किती वाढलीत, म्हणाली.

गॅसवर पाणी आधीच ठेवलेलं होतं.