गळती

हा बाजा फुंकत नाही मॅडम, ओढतो.
बेरिल मॅडमला तिसऱ्यांदा सांगतो,
त्या तिसऱ्यांदा विचारतात, मग वाजत काहून नाही?
पियानोच्या पोटाखाली मी उताणा,
छातीवर टॉर्च, कपाळावर मे महिना.
सदरच्या या बंगलीत कूलरची खस
एका कोपऱ्यापुरती ओली. बाकी भट्टी.

पायाखालचे भाते दाबले
की आत पोकळी व्हायला पाहिजे.
होत नाही.
रबरी कापड घडीघडीला तडकलेलं,
नळ्या हातात घेतल्या तर कुरडईसारख्या मोडतात.
एकेक तोंडात धरून ओढून पाहतो,
जी जिभेला सोडत नाही ती धड.
अठ्ठ्याऐंशीतल्या एकतीस धड.
तोंडात शंभर वर्षांची धूळ,
चव जुन्या नोटांसारखी.

माझा बाप पाचपावलीला जॅकार्डचे पत्ते ठोकायचा.
भोक आहे, धागा वर.
भोक नाही, धागा खाली.
एवढ्या अकलेवर पदरावर मोर उभा राहायचा.
म्हणून हा भोकांचा गुंडाळा उलगडला
तेव्हा मी भ्यालो नाही.
म्हटलं, अरे, हा तर आपल्या घरचा.

कागदाचं दुखणं मात्र वेगळंच.
आषाढात फुगतो, वैशाखात आकसतो,
पितळी पट्टीवर केसभर सरकतो,
मग ज्याला हाक मारली तो गप्प,
शेजारचा ओ देतो.
मॅडम, कूलर बंद करा, कागदाला एकच हवा पाहिजे.
आणि मी मरू काय?
तेही खरंच.

इतवारीतून कापड, सरस,
सायकलची वालट्यूब कापून कापून अठ्ठ्याऐंशी तुकडे.
नऊ दिवस.
दहाव्या दिवशी वाजला,
सरळ, एका दमात,
कुठे हुंदका नाही, खोकला नाही.
मी कपाळ पुसलं.

मॅडम उठल्या. खुर्चीची पाठ धरली,
चार पावलं टाकली, आणि थांबल्या.
असा नव्हता हा.
ते दाट सूर आले की दम घ्यायचा.
ऑस्कर मला तिथेच गिरकी द्यायचा.

दम नाही मॅडम, गळती होती ती.
सगळ्या सुरांनी एकदम हवा मागितली
की कागद ओढायला उरत नव्हती.
हे मी बोललो नाही.

बापाच्या एका पत्त्यात एकदा भोक राहून गेलं,
दर विताला मोर आंधळा.
मालकाने मजुरी कापली.
मोराचं कोणी काही बोललं नाही.

मॅडम चहा करायला आत गेल्या
तेव्हा नव्या कोऱ्या कापडात सुई टोचली.
ऐकलं. पुन्हा टोचली.
तिसऱ्याला, बरोबर त्या जागी,
बाजा किंचित रेंगाळला.
आत कपबशी वाजायची थांबली.

बिलात लिहिलं : कापड, सरस, वालट्यूब,
नऊ दिवसांची मजुरी.
तीन भोकांचे लावले नाहीत.
बापाने लावले असते.
त्याला भोकामागेच पैसे मिळायचे.